सीतेची आसवं घरच्या बागेत फुलवायची असतील तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळ छोटी बाग, बागेत कमळाची सिमेंटची टाकी. सप्टेंबरात कासला निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचे गालिचे पाहिले आणि टाकीच्या काठाला तीच फुलं हवीत असं मनात भरलं. लाल माती आणि शेणखत मिसळून वाफा तयार ठेवला आहे, बोअरला पाणी भरपूर आहे. आता रोपं किंवा बी कुठे मिळेल आणि पाणी किती घालायचं, एवढंच विचारलं आहे. शिवाय ‘पुढच्या वेळी जाल तेव्हा मातीसकट एक ढेकूळ उचलून आणा’ असा सल्ला कुणीतरी त्यांना दिलेला आहे.

देशी पाणथळ वनस्पती बियांपासून वाढवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. सीतेची आसवं घरी फुलतात. मात्र तुमच्या तयारीतल्या तीन गोष्टी, म्हणजे शेणखत, बोअरचं पाणी आणि बारमाही ओला काठ, या तिन्ही त्या झाडाला मारणाऱ्या आहेत. पाणी किती द्यायचं हा भाग त्यामानाने सोपा आहे. माती उपाशी कशी ठेवायची आणि पावसाळा संपल्यावर ती पूर्ण कोरडी कशी होऊ द्यायची, खरी मेहनत तिथे आहे. बागकामाची आपली सगळी सवय याच्या उलट असते, म्हणून हे झाड अवघड वाटतं.

आधी ढेकळाबद्दल. कृपा करून ते करू नका. कासचं पठार राखीव वनात येतं, आणि भारतीय वन कायदा, १९२७ प्रमाणे राखीव वनातून परवानगीशिवाय झाडं, फुलं उचलणं हा गुन्हा आहे. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासही आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी त्या ढेकळातून तुमच्या हाती काही लागत नाही. पठारावरची सीतेची आसवं वर्षायू आहेत, म्हणजे एकाच हंगामात उगवून, फुलून, बी धरून मरतात. फुललेलं रोप म्हणजे आयुष्याच्या शेवटाला आलेलं रोप. त्याला खरी मुळंही नसतात. मातीत केसासारखे बारीक धागे पसरलेले असतात आणि ढेकूळ उचलताना ते तुटतात. आठवड्याभरात फुलं सुकतात आणि पुढे काहीच उगवत नाही, कारण बी धरायच्या आधीच ते उपटलेलं असतं. तिकडे पठारावर मात्र खडकाला धरून बसलेला मातीचा पातळ थर कायमचा उघडा पडतो.

हे झाड जगतं कसं ते नीट समजलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत, म्हणून इथे जरा रेंगाळते. सीतेची आसवं म्हणजे युट्रिक्युलेरिया या प्रजातीतल्या वनस्पती. त्या कीटकभक्षी आहेत, पण त्यांची शिकार जमिनीखाली चालते, म्हणून आपल्याला दिसत नाही. त्या बारीक धाग्यांवर साधारण एक मिलिमीटरच्या इवल्या पिशव्या असतात. झाड पिशवीतलं पाणी बाहेर काढत राहतं, त्यामुळे तिच्या भिंती आत ओढल्या जातात आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. तोंडावर झडप असते आणि झडपेशी संवेदनशील केस. मातीतल्या पाण्यात पोहणारा एखादा सूक्ष्म जीव त्या केसांना लागला की झडप आत उघडते, आणि पाणी त्या जीवासकट मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात आत खेचलं जातं. पुढच्या अर्ध्या तासाच्या आसपास पिशवी पुन्हा सज्ज होते. वनस्पतिसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक आहे, आणि ती कासच्या गालिच्याखाली सतत चालू असते. मला याचं अजूनही नवल वाटतं.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, पिशवी चालायची तर तिच्याभोवती पाणी हवं. वाढीच्या काळात माती नुसती ओलसर असून भागत नाही, ती पाण्याने पूर्ण भरलेली हवी. दुसरी, ही सगळी यंत्रणा घडली ती अन्न नसलेल्या जागेसाठी. जांभ्या खडकाच्या सड्यावर, म्हणजे सपाट उघड्या कातळावर, मातीचा थर बोटभर असतो, पावसाचं पाणी त्यातून सतत वाहत राहतं आणि विरघळण्यासारखं जे काही असेल ते धुऊन नेतं. तिथे मोठं गवत आणि झुडपं तग धरत नाहीत म्हणून या नाजूक झाडांना मोकळी जागा मिळते. तुमच्या वाफ्यात शेणखत घातलं की पंधरा दिवसांत हिरवं शेवाळ येतं, मागोमाग लव्हाळा येतो, आणि काही मिलिमीटरची पानं असलेली ही रोपं त्याखाली दिसेनाशी होतात. म्हणून खत अजिबात नको. गांडूळखत, जीवामृत, पानांचा कुजलेला पाला, काहीही नको.

तुमचा वाफा दुसऱ्या कशासाठी तरी वापरा, तो वाया जात नाही. आसवांसाठी उथळ ट्रे घ्या. साधारण साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद आणि दहा-बारा खोल असा प्लॅस्टिकचा ट्रे मला सोयीचा पडतो. काळा रंग शक्यतो टाळा, ऑक्टोबरच्या उन्हात तो फार तापतो. ट्रेला दोन भोकं पाडायची. एक बाजूच्या भिंतीला, जिथे मातीचा वरचा थर येईल त्याच उंचीवर. मुसळधार पावसात जादा पाणी तिथून वाहून जातं, त्यामुळे बी तरंगून निघून जात नाही आणि पाणी थोडं थोडं बदलत राहतं. दुसरं भोक तळाला, बूच लावलेलं. ते फक्त हंगाम संपताना उघडायचं.

मातीचं मिश्रण म्हणून मी पीट मॉस (दलदलीत साठलेल्या शेवाळाचा भुसा) आणि धुतलेली सिलिका वाळू निम्मी-निम्मी घेते. सिलिका वाळू पाण्याच्या फिल्टरचं सामान विकणाऱ्यांकडे किंवा अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळते. समुद्राची वाळू चालत नाही, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना असतो, आणि या झाडाला आम्लधर्मी माती लागते. पीट न मिळाल्यास कोकोपीट घेता येतं, पण त्यात बऱ्याचदा क्षार असतात. ते बादलीत भिजवून, पिळून, पाणी टाकून देऊन पुन्हा भिजवायचं, आणि पिळलेल्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) उतरेपर्यंत हेच करत राहायचं. जांभा चिरा सहज मिळत असेल तर त्याची चाळलेली भुकटी वरून पातळ पसरा. तिच्याशिवाय अडत नाही, पण बी एका जागी टिकायला तिची मदत होते. एकूण थर सहा-सात सेंटिमीटर पुरे.

आता पाणी. टीडीएस मीटर नसेल तर आधी तो घ्या. या झाडांना मी पन्नासच्या आतलं पाणी देते, शंभरच्या वर कधीच जात नाही. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी सहसा जड असतं, आकडा कितीतरी शेकड्यांत येतो. असं पाणी उथळ ट्रेमध्ये रोज घातलं की पाणी उडून जातं, क्षार मात्र मागे साठत राहतात, आणि काही आठवड्यांत मातीवर पांढरी कड दिसू लागते. तोवर उशीर झालेला असतो. घरच्या आरओचं पाणी चालेल की नाही हे मशीनवर अवलंबून आहे. काही मशीन शुद्ध केलेल्या पाण्यात पुन्हा खनिजं मिसळतात, म्हणून मोजूनच ठरवा. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी तर नकोच, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

सर्वांत उत्तम पावसाचं पाणी. पहिल्या एक-दोन सरींनी छप्पर धुऊन जाऊ द्या, मग झाकणाच्या पिंपात साठवा. किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. उघडिपीच्या दिवशी दिवसाला चार मिलिमीटर पाणी उडालं असं धरलं, तर वर सांगितलेल्या मापाच्या ट्रेला रोज एक लिटरच्या आसपास पाणी लागतं. दोनशे लिटरचं एक पिंप भरलेलं असेल तर पुण्यात ऑगस्टमध्ये पडणारी उघडीपही निघून जाते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरलाही पुरतं. कास समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवर आहे, तिथे आठवडेच्या आठवडे धुकं आणि रिपरिप असते. तुमच्याकडे तसं नसणार, तेवढी भर पिंपातून घालावी लागेल.

ट्रेमधलं पाणी मातीच्या पातळीला असावं, वर तळं साचू नये. यात झाडाचं हित आहेच, शिवाय डासांचाही प्रश्न आहे. अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्याच्या उबेत आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून दर चार-पाच दिवसांनी ट्रेमध्ये इतकं पाणी ओता की बाजूच्या भोकातून ते जरा वेळ वाहत राहील. पठारावर पाणी असंच झिरपत, सरकत असतं. जमिनीतल्या पिशव्या डासांच्या अळ्या खातील या भरवशावर राहू नका, त्या पिशव्यांच्या मानाने अळ्या फार मोठ्या असतात.

जागा पूर्ण उन्हाची हवी. पावसाळी ढगांतून येणारा उजेड भरपूर असतो, तो झाडाखाली किंवा पत्र्याच्या छपराखाली मिळत नाही.

बी कुठून आणायचं हा तुमचा पहिला प्रश्न. इथे जात कोणती हे ठरवावं लागेल, कारण सीतेची आसवं या एकाच नावाने अनेक जाती ओळखल्या जातात. कासला गालिचे करणारी प्रामुख्याने युट्रिक्युलेरिया पर्प्युरासेन्स. तिच्या मागे सुरुवातीलाच लागू नका. युट्रिक्युलेरिया रेटिक्युलाटा ही जात कोकणात भातखाचरांच्या कडेला आणि ओल्या सड्यांवर दिसते. तिचं फूल मोठं आणि गडद निळं-जांभळं असतं, फुलाच्या फुगीर भागावर जाळीदार रेषा असतात. केरळात ओणमच्या पूक्कळममध्ये, म्हणजे फुलांच्या रांगोळीत, वापरलं जाणारं काक्कापूवु ते हेच. तुमच्या ओळखीत कुणाची कोकणात भातशेती किंवा खाजगी सडा असेल, तर मालकाला विचारून, जिथे ही फुलं भरपूर आहेत तिथूनच, पिकलेली मोजकीच बोंडं घ्या. बाकीची तिथेच गळू द्या. फुलं असताना जागा हेरून ठेवायची आणि फुलं सरल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा जायचं, तेव्हा बोंडं तपकिरी होऊन तडकायला आलेली असतात. रोप उपटायचं नाही. संरक्षित जागेतून बीसुद्धा आणायचं नाही.

दुसरा मार्ग म्हणजे कीटकभक्षी वनस्पती वाढवणारे हौशी लोक. त्यांच्याकडे स्वतः वाढवलेल्या रोपांचं बी असतं. विचारताना ‘हे बी कुणी धरलं, कुठल्या रोपाचं?’ हे स्पष्ट विचारा. उत्तर ‘जंगलातलं आहे’ असं आलं तर घेऊ नका. त्यांच्याकडे दक्षिण आफ्रिकेतल्या सँडरसोनाय किंवा लिव्हिडा या जाती सहज मिळतील, त्या बारमाही आहेत आणि फार सोप्या. हात बसवायला कुंडीत ठेवायला हरकत नाही, पण त्या आपल्या नाहीत. कुंडीतलं पाणी नाल्यात किंवा तळ्यात ओतू नका आणि कधीही बाहेर लावू नका. सराव करायचाच असेल तर माझा आग्रह युट्रिक्युलेरिया बायफिडासाठी आहे. पिवळी, चिमुकली, आपल्याकडचीच, आणि ट्रेमध्ये निळ्या जातींपेक्षा लवकर जम बसवणारी. ग्रामिनिफोलिया हीसुद्धा भारतात आढळणारी जात, ती अ‍ॅक्वेरियमवाल्यांकडे गालिच्याचं झाड म्हणून विकली जाते. बारमाही असल्याने ती हाताळायला सोपी आहे, पण दुकानातल्या नावाची खात्री फूल आल्याशिवाय होत नाही.

पेरणी जूनमध्ये, पाऊस नीट लागला की. बी धुळीसारखं बारीक असतं. चिमूटभर बी मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळा आणि ओल्या मातीवर भुरभुरा. वरून माती टाकायची नाही. पहिले पंधरा-वीस दिवस जोरदार पावसात ट्रेवर शेडनेटचा तुकडा ताणून धरा, थेंबांच्या माऱ्याने बी एका कोपऱ्यात गोळा होतं. पेरताना सगळं बी वापरू नका. निम्मं कागदाच्या पुडीत, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. वर्षायू झाडाचं एक वर्ष फसलं तर हातात दुसरं काही उरत नाही.

नंतर दिसतं ते फारच थोडं. काही मिलिमीटरची, अरुंद, हिरवी पानं, आणि तीही शेवाळात हरवलेली. इथे बहुतेक लोक निराश होऊन तण काढायला बसतात आणि रोपंच उपटतात. ऑगस्ट उजाडेपर्यंत रुंद पानांचं तण सोडून कशालाही हात लावू नका. बारीक गवताच्या काड्या मुद्दाम राहू द्या, रेटिक्युलाटाचा फुलांचा दांडा आधाराला वेढे घालत चढतो, गवत नसेल तर तो लोळतो. सड्यावर याच्या सोबतीला पांढरे गेंद, म्हणजे बारीक दांड्यावर गोल पांढरे गोंडे येणारी झाडं, असतात. त्याचं बी मिळालं तर तेही टाका, दोघांच्या गरजा सारख्याच आहेत आणि निळ्यात पांढरं शोभून दिसतं.

ऑगस्टअखेरीपासून दांडे वर येऊ लागतात. फुलं एकेकटी लहान असतात, जवळपास सेंटिमीटरभर, म्हणून एका ट्रेकडून कासच्या गालिच्याची अपेक्षा ठेवू नका. पहिल्या वर्षी चार-दोन दांडे आले तरी ते चांगलं लक्षण आहे. किती दिवस फुलतील हे तुमच्या हवेवर ठरेल. सह्याद्रीच्या माथ्याजवळ किंवा कोकणात ऑक्टोबरपर्यंत चालतं. पुण्यात पाऊस लवकर थांबला आणि ऊन तापलं की लवकर आटोपतं. मराठवाडा-विदर्भातल्या वाचकांनी दुपारी ट्रेवर हलकी जाळी धरली तर थोडा काळ वाढवून मिळतो, पण तिथे हे काम अवघडच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि नेमकं इथेच प्रेमापोटी नुकसान होतं. फुलं संपली की बोंडं फुगताना दिसतील. ती पिकेपर्यंत ओल ठेवा. थोडी बोंडं पुडीसाठी काढून घ्या, बाकीची ट्रेमध्येच तडकू द्या. मग तळाचं बूच काढा आणि पाणी बंद करा. पानं वाळतील, माती भेगाळेल, ट्रे मेल्यासारखा दिसेल. दिसू द्या. सड्यावर नोव्हेंबर ते मे हेच घडतं, तिथे खडक इतका तापतो की हात ठेवता येत नाही, आणि बी त्याच मातीत पडून राहतं. ट्रे छपराखाली ठेवून द्या. वळवाची सर त्यावर पडू देऊ नका, नाहीतर काही बी उगवून नंतरच्या उन्हात करपेल. माती उकरू नका, बदलू नका, त्यात दुसरं काही लावू नका. जूनमध्ये पाऊस लागला की ट्रे उघड्यावर आणायचा, एवढंच. दुसऱ्या वर्षीची उगवण पहिल्यापेक्षा दाट असते असा माझा अनुभव आहे, कारण बी आपल्याला हवी ती जागा स्वतःच शोधून पडलेलं असतं.

बारमाही ओला काठ नको असं मी सुरुवातीला म्हटलं ते यासाठीच. टाकीच्या काठाची माती कोरडी पडणार नाही, तिथे तण कायमचं ठाण मांडेल, आणि टाकीतलं गाळाचं सकस पाणी झिरपत राहील. ट्रे टाकीजवळ ठेवा हवं तर, पण दोन्ही पाणी वेगळं ठेवा.

आणि टाकी व ती शेणखत घातलेली माती, दोन्हींना कासच्या परिसरातल्या तळ्यातलीच एक वनस्पती अगदी योग्य आहे: कुमुदिनी, निम्फॉइडिस इंडिका. तरंगती गोल पानं, पांढरी, कडेला झालरीसारखे तंतू असलेली, मध्ये पिवळसर फुलं. ती दुर्मीळ नाही, पाणवनस्पतींच्या रोपवाटिकेत मिळते, तिला गाळाची माती चालते आणि बोअरचं पाणीही ती बऱ्यापैकी सोसते. पसरट कुंडीत तुमची ती माती भरा, वर वाळूचा थर द्या, गड्डा लावून कुंडी फूटभर पाण्याखाली सोडा. देठासकट सुटलेलं पान पाण्यावर तरंगत राहिलं तर त्यालाच मुळं फुटून नवं रोप होतं, म्हणून पसरायला लागली की हाताने विरळ करत राहा. फक्त बी हवं असेल तर दोन वेगळ्या ठिकाणची रोपं आणा. काही रोपांच्या फुलांत स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड असतात, काहींत उलट, आणि या दोन प्रकारांत परागण झालं तरच बी नीट धरतं. हे काम तुम्हाला आत्ताही सुरू करता येईल. आसवांसाठी मात्र पिंप, टीडीएस मीटर आणि ट्रे मे महिन्यात तयार ठेवा.